राजधानी राणीच्या कबरीपाशी

आई, तुम्ही सध्या आमच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये आहात. पाणी घालायचा पाइप ज्या खिळ्याला लटकायचा, त्या खिळ्याला. अस्थी घरात आणायच्या नसतात, झाडाला टांगून ठेवतात, एवढं तुमच्या अनिरुद्धला पक्कं माहीत होतं. पण इथे आयर्लंडात, नावनच्या या नव्या वसाहतीतली झाडं अजून त्याच्या कमरेएवढीच आहेत. मग कलश पांढऱ्या फडक्यात बांधला आणि शेडमध्ये नेला. गवत कापायचं यंत्र, तुमच्या नातीची, रेवाची, लहानपणची सायकल, उरलेल्या रंगाचे डबे आणि तुम्ही. रोज सकाळी ओट्याशी चहा करताना खिडकीतून शेडचं दार दिसतं आणि मी नजर चुकवते.

शेडची लाज नाही वाटत. शेड बघून तुम्ही हसलाच असतात. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे. शनिवारी तुमचा मुलगा तुम्हाला घेऊन विमानात बसेल, मिरजेला जाईल, तिथून वाडीच्या संगमावर. तुमची लेक, मेधाताई, पुण्याहून येतील. गुरुजींशी बोलणं झालंय. सगळ्यांनी धरून चाललंय की तुमची इच्छा हीच असणार, दुसरी कुठली असणार? ती दुसरी होती हे मला माहीत आहे. तुम्ही मला स्वतः सांगितलं होतंत, भर दुपारी, नदीच्या काठावर उभं राहून. आणि तुम्ही गेल्यापासून मी मूग गिळून बसले आहे.

सांगितलंत तेही सरळ नाही. आधी चीनच्या दोन-तीन राजधान्यांमधून फिरवून आणलंत. तुमचं सगळंच तिथून यायचं. मिरजेच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलात, पण पुस्तकात चीनला जेमतेम अर्धं पान, ही तुमची कायमची तक्रार. निवृत्त झाल्यावर त्या अर्ध्या पानाचा सूड उगवावा तसं वाचलंत. राजा कोण, लढाई कुठली, यात तुम्हाला फारसा रस नव्हता. एवढ्या मोठ्या मुलखात हा माणूस नेमका इथंच का येऊन बसला, हा एक प्रश्न तुम्हाला पुरायचा.

पहिल्या खेपेला आलात तेव्हा आम्ही डब्लिनमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो आणि घर शोधत होतो. प्रत्येक घर बघायला तुम्ही बरोबर. मी शाळा किती लांब, बस कुठून सुटते हे विचारतेय, आणि तुम्ही माझ्यामार्फत त्या एजंटला विचारताय की घराच्या पाठीशी डोंगर आहे का, समोर पाणी आहे का.

"चिनी राजा आधी पाठ बघायचा. उत्तरेकडनं वारा येतो आणि शत्रूही तिकडनंच येतो."

"आई, इथे उत्तरेकडून फक्त पाऊस येतो."

"मग तो तरी अडव की."

एजंट बिचारा आमच्याकडे बघत "ग्रँड, ग्रँड" म्हणत राहिला. तो शब्द तुम्ही त्या दिवसापासून उचललात. वरण कसं झालंय? ग्रँड. गुडघा कसा आहे? ग्रँड. मिरजेला फोनवर तुमच्या मैत्रिणींनाही तेच ऐकवायचात आणि वर समजावून सांगायचात की इकडे सगळ्या प्रश्नांना हे एकच उत्तर असतं.

नावनचं घर आम्ही घेतलं ते माझी कंपनी जवळ म्हणून आणि डब्लिनमध्ये परवडेना म्हणून. तुम्ही मात्र नकाशावर बोट ठेवून ओरडलात, "अगं, इथं संगम आहे!" खरंच होता. गावाच्या मधोमध ब्लॅकवॉटर येऊन बॉइनला मिळते, आणि आम्ही दोघं इतक्यांदा त्या पुलावरून गेलो असू, पण बघितलं नव्हतं. तुमच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत.

दुसऱ्या खेपेला तुमची खोली तयार होती. अनिरुद्धने मिरजेची तुमची खोलीच जणू उचलून आणली होती. तसलाच पलंग, तशीच हाताची खुर्ची, देव तसेच पूर्वेला, बाबांचा तोच फोटो, आणि टीव्हीवर मराठी मालिका सुरू करून ठेवलेली. तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि ठसका लागेपर्यंत हसलात. मग गोष्ट सांगितलीत. हान घराण्याच्या पहिल्या राजाचे मंत्री सगळे पूर्वेकडचे, त्यांना लोयांग हवं होतं, कारण घर जवळ पडत होतं. राजाने ऐकलं नाही. त्याने पश्चिमेला चांगआनला राजधानी केली, भोवती डोंगर, आत यायला मोजक्या खिंडी, आणि नदीने धान्य येण्याची सोय. सगळं चोख. फक्त म्हाताऱ्या बापाला तिथे करमेना. त्याला त्याच्या गल्लीतले खाटीक, त्याच्या कोंबड्यांच्या झुंजी हव्या होत्या. तेव्हा पोराने बापाचं गाव राजधानीशेजारी जसंच्या तसं बांधलं. माणसं आणली, कुत्री आणली, कोंबड्या आणल्या, आणि म्हणतात की सोडल्याबरोबर एकेक कोंबडी बरोबर आपापल्या दारात शिरली.

"आणि म्हातारा?" अनिरुद्धने विचारलं.

"खूश झाला म्हणतात. पोरानं एवढं केल्यावर तो दुसरं काय म्हणणार?" तुम्ही पलंगावर बसून बघितलंत. "अन्या, मला कोंबडी करू नकोस रे. ती मालिका बंद कर आधी, आणि पडदा सार. बाहेर काय आहे ते बघू दे."

अनिरुद्धचं तोंड एवढंसं झालं. मला त्या दिवशी तुमचा राग आला होता, आणि थोडा आनंदही झाला होता. सासूने लेकाला असं सुनावल्याचा सुनेला आनंद व्हावा हे बरं नाही, पण झाला.

आपलं जमायचं ते भांडणातच. मी मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात माल वेळेवर आणण्याचं काम करते. कुठला सुटा भाग कुठल्या देशातून, कुठल्या बंदरातून येणार, हे दिवसभर डोक्यात. त्यामुळे तुमच्या राजांकडे मी त्याच नजरेने बघायची. चांगआनला दुष्काळ पडला की तांग घराण्याचा सगळा दरबार लोयांगला जेवायला जायचा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी टाळी वाजवली. म्हटलं, बघा, शेवटी राजा तांदळाच्या मागे जातो. तुम्ही म्हणालात, "तुम्ही दोघं गेलात तसा." सुंगांनी काइफेंग निवडलं, सपाट माळावर, ना डोंगर ना खिंड, पण कालव्यांनी नावा थेट दारात. मला तो राजा शहाणा वाटायचा. तुम्हाला भित्रा वाटायचा. भित्रा माणूस माळावर कसा बसेल, असं मी विचारलं की तुम्ही विषय बदलायचात.

ताराच्या टेकडीवर नेलं होतं तुम्हाला, तेव्हाचं आठवतं. आयर्लंडचे जुने राजे तिथे बसायचे, आणि आता नुसतं गवत आणि मेंढ्या. मला वाटलं तुम्ही हिरमुसाल. तुम्ही चप्पल काढून त्या ओल्या गवतावर चारी दिशांना तोंड करून उभ्या राहिलात. "इथनं सगळं दिसतं. आणि सगळ्यांना इथला माणूस दिसतो. राजाला दिसायला पण लागतं गं," म्हणालात. मी म्हटलं, पाणी कुठून आणायचे, धान्य कुठून? तुम्ही म्हणालात, "तुझं काय धान्यच चाललंय सारखं!" मेंढ्यांची लेंडी पायाला लागली ती मी कारपाशी आल्यावर टिश्यूने पुसली. पाय माझ्या मांडीवर देऊन तुम्ही खुशाल बीजिंगबद्दल बोलत होतात.

बीजिंगचं भांडण अर्धंच राहिलं. माझं म्हणणं साधं होतं. नानजिंग दक्षिणेला, तांदूळ तिथे पिकतो, नदी आहे, डोंगर आहे, सगळं आहे. ते सोडून मिंगांचा राजा त्या उत्तरेच्या थंडीत, शत्रूच्या तोंडाशी जाऊन बसतो, आणि मग जन्मभर दक्षिणेहून कालव्याने धान्य ओढत राहतो. असला प्रस्ताव माझ्या टेबलावर आला तर मी परत पाठवीन. तुम्ही म्हणालात, "त्याचं उत्तर मी तुला देते. जरा वाचून देते." ते राहिलं.

आणि तो संगमावरचा दिवस. यंदाची खेप, दुपारची वेळ, ऊन पडलेलं म्हणून आपण दोघी चालायला गेलो होतो. तुम्ही अचानक त्याच राजाच्या राणीची गोष्ट काढलीत. राणी नानजिंगला वारली. राजाने तिला तिथे कायमचं पुरलंच नाही. उत्तरेला, बीजिंगपलीकडच्या डोंगरात, तिच्यासाठी आणि आपल्यासाठी कबर बांधायला घेतली, आणि काही वर्षांनी तिची पेटी तिकडे नेली. अजून महाल पुरा नव्हता, अजून राजधानी हललेली नव्हती, मंत्री अजून कुरकुरत होते. "पण त्या दिवशी सगळ्यांना कळलं," तुम्ही म्हणालात. "फर्मानाची वाट कोण बघतंय? बाईला जिथं ठेवलं, तिथनं आता हा माणूस हलत नाही."

मी नुसतं हं म्हटलं. पाण्याकडे बघत होते.

"जिन्याखालची खोकी बघितली मी," तुम्ही म्हणालात. "अजून चिकटपट्टी तशीच आहे. घर घेतलं, पोरगी त्यांच्यासारखी बोलते, आणि तुम्ही दोघं दर दिवाळीला म्हणता, पुढच्या वर्षी परत. आणि नाव माझं घेता. आई तिकडे आहे ना! तर मी नसेन तेव्हा मला तिकडं नेऊ नका. इथं सोडा. हाही संगमच की."

"आई, काहीतरीच काय?"

"अन्याला सांगत नाही. तो रडत बसेल. तुला सांगून ठेवते. तू व्यवहारी आहेस."

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "आई, चला, गार वारा सुटलाय." हे माझं उत्तर. तुम्ही एवढं मोठं दिलंत, आमच्या मानेवरचं एक जोखड स्वतःच्या हाताने काढून ठेवलंत, आणि मी तुम्हाला स्वेटरची बटणं लावायला सांगितली.

त्यानंतर महिनाही झाला नाही. सकाळी कप उचलताना तुमचा हात मध्येच थांबला. ब्युमॉन्ट हॉस्पिटलला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी मायेने सगळं समजावून सांगितलं, आणि तुम्ही पुन्हा डोळे उघडले नाहीत. तिथे तुमच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला संगम आठवला होता. म्हणजे मी विसरले होते असं नाही. ही पळवाटसुद्धा मला नाही.

इथल्या लोकांनी आपल्याला सोडलं नाही, आई. आपल्या मराठी मंडळींनी पिठलं-भात आणला, कारण घरात चूल पेटवायची नाही. शेजारच्या ब्रीडाने सँडविचचे ट्रे आणले, कारण त्यांच्यातही तेच. रांगेने माणसं आली, हात हातात घेतला, आणि प्रत्येकाने तेच म्हटलं, "सॉरी फॉर युअर ट्रबल." तुम्ही ज्यांना रस्त्यात थांबवून हवापाणी विचारायचात ती सगळी. जाताना ब्रीडाने अनिरुद्धला विचारलं, "आर यू ब्रिंगिंग हर होम?" तो म्हणाला, "येस, होम." तो माझ्याकडे बघत होता, मी आधार द्यावा म्हणून. मी चहात बघत राहिले.

मग मेधाताईंचा फोन. स्पीकरवर. "आईला वाडीलाच आणायचं ना रे? तिचा जीव तिथंच होता." अनिरुद्ध हो म्हणाला. मेधाताईंनी मुद्दाम माझं नाव घेऊन विचारलं, "तुला काय वाटतं गं?" तेव्हा तरी बोलायचं. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही ठरवाल तसं."

का, ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही मला व्यवहारी म्हणालात, आणि माझ्या डोक्यात आला तो व्यवहार हा की लोक काय म्हणतील. सुनेने सासूला तिकडेच उरकलं. तिकिटाची, रजेची दगदग वाचवली. आणि वर म्हणते, त्यांनीच सांगितलं होतं! साक्षीला कोण? दोन नद्या. तुमच्या शब्दापेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं, आई. हे लिहिलं तेव्हा कान गरम झाले. मी कंपनीत मॅनेजरसमोर ठणकावून बोलणारी बाई. तुमच्याशी मिंगांवरून तासन्‌तास वाद घालणारी. आणि माझी बोबडी वळली ती कुणासमोर, तर अजून कुणी न बोललेल्या एका वाक्यासमोर.

आणखी एक आहे. तुम्ही इथे राहिलात तर दिवाळीला आम्ही काय म्हणणार? कुणाच्या नावावर खपवणार? परत जायचं नाही हे मला तीन-चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. मी अनिरुद्धला सांगितलं नव्हतं. त्याने मला सांगितलं नव्हतं. तुम्हाला मात्र जिन्याखालच्या खोक्यांवरून कळलं.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज, शुक्रवारी, लिहितेय.

दुपारी घरी आले तर अनिरुद्ध शेडमध्ये होता. केबिन बॅग उघडी ठेवून, कलशाभोवती रेवाची पाळण्यातली दुलई गुंडाळत होता. गुंडाळायचा, बॅगेत ठेवून बघायचा, झाकण लागायचं नाही, परत काढायचा. मला म्हणाला, "तुला सामान बसवायचं कळतं, दाखव ना जरा." मी पुढे झाले. दुलईची घडी कशी घालायची हे मला दिसत होतं. हात लावला आणि सुचेना.

"अनिरुद्ध, थांब. आईंना तिकडे जायचं नव्हतं."

सगळं सांगितलं. राणी, खोकी, संगम, स्वेटर. तो रंगाच्या डब्यावर बसला. म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिने?"

"तू रडशील म्हणून."

तो रडतच होता. मग तो विचारणारच होता ते त्याने विचारलं. "आणि तू? इतके दिवस?"

मी म्हटलं, लाज वाटली. मेधाताई काय म्हणतील, मिरजेचे लोक काय म्हणतील. आणि मग जे मी वर तुम्हालासुद्धा लिहिलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "आणि मला त्या इथे हव्यात रे. माझ्यासाठी. त्या म्हणाल्या तेव्हा मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच भीती वाटली. त्यांची इच्छा कुठली आणि माझी कुठली, हे मला सांगता येईना, म्हणून मी गप्प बसले."

अनिरुद्धने दुलई सोडवली, कलश परत खिळ्याला बांधला, गाठ नीट बसली का ते ओढून बघितलं. मग मेधाताईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तू सांग. तुला सांगितलंय तिने."

मी उभी राहून सांगितलं, शाळेत तुमच्यासमोर मुली उभ्या राहत असतील तशी. मेधाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ते वाक्य आलंच. "तुलाच बरं सांगितलं तिनं?"

इतके दिवस त्या वाक्याला घाबरून मी तुम्हाला विमानात बसवायला निघाले होते. ऐकलं आणि वाटलं, एवढंच होतं? त्यात कुत्सितपणा नव्हता हो, आई. लेक विचारत होती, मला का नाही, एवढंच. तिचा भाऊ शेडमध्ये बसून तेच विचारत होता.

"हो," मी म्हटलं. "मलाच सांगितलं. आणि मी तुमच्यापासून लपवलं. चुकलं माझं."

या मेधाताई, ज्यांना आम्ही दरवर्षी या म्हणायचो आणि ज्या दरवर्षी म्हणायच्या, तुम्हीच येताय ना परत, मग मी कशाला येऊ एवढ्या लांब? मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. फोन ठेवतील असं वाटलं. अनिरुद्ध माझ्या तोंडाकडे बघत होता.

मग त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "काय गं, तिकडे सध्या थंडी किती असते?"